साडेसात अंशांची चूक

५ मार्च २०२५ ची संध्याकाळ. चंद्रपूर-मूल रस्त्यापासून थोडे आत, जंगलाला लागून असलेल्या एका आश्रमशाळेच्या मैदानावर आम्ही दुर्बीण मांडून उभे होतो. आकाश स्वच्छ होते. कृत्तिकांच्या जवळ पाच-सहा दिवसांचा चंद्र होता, त्याच्या वर रोहिणीपाशी गुरू झळकत होता. दुर्बिणीपुढे साठ मुलामुलींची रांग लागली होती आणि आमच्या हाती वेळ होता फक्त साडेआठपर्यंतचा. या भागात रात्रीचे मैदानावर रेंगाळणे बरे नव्हे. वाघ, बिबट आणि अस्वल ही इथली नेहमीची नावे आहेत. शेजारच्या पाड्यावरून आलेल्या मुलांना तर मोठ्या माणसांनी बॅटऱ्या घेऊन एकत्रच घरी न्यायचे होते.

दुर्बीण संगणकाने चालणारी होती. हँडसेटवर 'गुरू' म्हणून कळ दाबावी आणि नळीने आपोआप गुरूकडे वळावे, अशी. मुलांना मी दुपारीच ही गंमत सांगून ठेवली होती. प्रत्यक्षात मात्र सव्वासातला सुरू केलेली दुर्बीण आठला दहा मिनिटे कमी असतानाही रुसून बसली होती आणि पाटीवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते : जुळणी फसली.

कोठे चुकले, हे त्या रात्री मुलांच्या मदतीनेच कळले. तो शोध कसा लागला ते सांगतो, कारण अशा दुर्बिणी आता पुष्कळ शाळा-महाविद्यालयांत आल्या आहेत आणि जुळणी फसली की बहुतेक जण माझ्यासारखेच करतात : बंद करतात, पुन्हा चालू करतात आणि देवाचे नाव घेतात!

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. दुर्बिणीच्या बैठकीला, म्हणजे माउंटला, दोन अक्ष असतात. एका अक्षाभोवती नळी आडवी फिरते. उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेल्या त्या कोनाला दिगंश म्हणतात. दुसऱ्या अक्षाभोवती ती वर-खाली होते. क्षितिजापासून मोजलेली ही उंची म्हणजे उन्नतांश. प्रत्येक अक्षाला एक मोटर आणि नळी किती अंश फिरली हे मोजणारी मोजणी-चकती असते. संगणकाच्या स्मृतीत हजारो ताऱ्यांच्या जागा नोंदलेल्या असतात. आपण गाव, तारीख आणि वेळ सांगितली की तो गणित करतो आणि म्हणतो, "व्याध आता आग्नेयेकडून दक्षिणेकडे सरकत आहे, उंची ५२ अंश." मग मोटरी तेवढ्या फिरवतो.

यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. यंत्राला डोळे नाहीत. ते फक्त मोजते. आपण कोठून मोजायला सुरुवात केली हे त्याला आपणच सांगायचे असते. म्हणून आरंभी तिपाई समतल करून नळी उत्तरेकडे तोंड करून आडवी ठेवायची. मग यंत्र एका तेजस्वी ताऱ्याकडे अदमासे जाते, तो तारा आपण कळा दाबून दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणायचा आणि 'हाच तो' म्हणून सांगायचे. असेच दुसऱ्या ताऱ्याचे. यालाच आकाशाशी जुळणी म्हणतात.

ही कल्पना काही नवी नाही. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट येथे, विल्यम लॅम्ब्टन हा सर्वेक्षक जानेवारी १८२३ मध्ये वारला. १८०२ मध्ये मद्रासेस सुरू झालेली भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी तो दक्षिणेकडून उत्तरेकडे नेत होता. त्याच्या थिओडोलाइटचे वजन सुमारे अर्धा टन होते; पण त्यालाही हेच दोन अक्ष होते, समतल पाहण्यासाठी पाण्याची नळी होती आणि दिशा पक्की करण्यासाठी तोही ताऱ्यांकडेच पाहत असे. आमची दुर्बीण म्हणजे त्या थिओडोलाइटचे नातवंड. फरक इतकाच, की आकडेमोड माणसाऐवजी संगणक करतो.

आता त्या संध्याकाळकडे वळू. मी होकायंत्राने उत्तर धरली, तिपाई समतल केली आणि पहिला तारा म्हणून व्याध निवडला. नळी घरघरत फिरली आणि व्याधाच्या उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, जाऊन थांबली. चूक लहान नव्हती. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. नळी व्याधापासून पाऊण मूठ दूर होती.

मी मनाशी म्हटले, होकायंत्र चुकले असणार. तिपाई लोखंडाची आहे, तिनेच सुई ओढली असेल. म्हणून सगळी बैठकच पायथ्याशी डावीकडे फिरवली. व्याध मध्यावर आला. मला बरे वाटले. वस्तुतः इथेच मी थांबून विचार करायला हवा होता. व्याध मध्यावर आणण्यासाठी मला पायथा जवळजवळ बारा अंश फिरवावा लागला होता. (आकाशातले सात अंश आणि पायथ्याचे बारा अंश हे कसे, असे विचाराल. व्याध ५२ अंश उंचीवर होता. जितके डोक्याकडे जावे तितकी दिगंशाची वर्तुळे लहान होत जातात. तिथे थोडे अंतर कापायलाही पायथा जास्त फिरवावा लागतो.) विदर्भात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहून कमी आहे. तिपाईपासून चार पावले दूर उभे राहून पाहिले असते, तर सुई निर्दोष आहे हे लगेच कळले असते. पण रांगेतली मुले चुळबुळत होती आणि घाईत माणूस पहिले सापडेल त्या कारणावर शिक्का मारतो.

दुसरा तारा मघा. तो पूर्वेला, सुमारे ३२ अंशांवर होता. नळी वळली आणि याही वेळी भलतीकडेच थांबली : मघेच्या सात अंश वर आणि जवळजवळ तितकीच डावीकडे. मी कळ दाबून नळी सरळ खाली आणली. शोधक दुर्बिणीत एक बरासा तेजस्वी तारा आला. तो मध्यावर घेतला, 'हाच तो' म्हणून कळ दाबली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि पाटीवर ते वाक्य आले. जुळणी फसली. पुन्हा सगळे केले. पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला रांगेच्या पुढे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, इळ्याची मूठ तं तिकडं आहे."

दुपारी फळ्यावर मीच विळा काढून दाखवला होता! सिंह राशीचा पुढचा भाग विळ्यासारखा दिसतो आणि मघा तारा त्या विळ्याच्या मुठीत असतो. मी नळीच्या कडेने डोळा लावून पाहिले. मुलीचे खरे होते. मी पकडलेला तारा विळ्याच्या पात्यातला होता, मुठीतला नव्हे. मघेहून तो थोडा मंद आहे आणि तिच्यापासून सुमारे साडेआठ अंश उत्तरेला आहे. नळी जिथे थांबली होती तिच्या बरोबर खाली तोच तारा येत होता.

यंत्राला ही लबाडी कशी कळली बरे? उत्तर सोपे आहे. व्याध आणि मघा यांच्यामधले कोनीय अंतर सुमारे ५८ अंश आहे. हे अंतर गावावर, तारखेवर किंवा घड्याळावर अवलंबून नाही. चंद्रपुरातून पाहा, सिरोंच्यातून पाहा, संध्याकाळी पाहा की पहाटे, ५८ म्हणजे ५८. मी दाखवलेला तारा मात्र व्याधापासून ६४ अंशांवर होता. यंत्राने आपल्या चकत्यांवर मोजले, स्मृतीतल्या आकड्याशी ताडून पाहिले आणि सहा अंशांचा फरक पाहून सांगितले की यांतला एक तरी तारा खोटा आहे. कोणता, हे त्याला सांगता येत नव्हते. म्हणजे मला चिडवणारे ते वाक्य यंत्राचा बिघाड नव्हताच. यंत्र शहाण्यासारखे वागत होते.

मग मी मघा बरोबर मध्यावर आणली आणि जुळणी झाली. आठ वाजून बारा मिनिटे झाली होती.

आता मनाला एक गोष्ट लागून राहिली. खोटा तारा मी पकडला हे खरे. पण नळी मघेच्या इतकी वर का गेली होती? पायथा चुकीच्या दिशेला असता, तर नळी फक्त डावी-उजवीकडे चुकली असती. उत्तर चुकल्याने दिगंश बिघडतो, उंची बिघडत नाही. बैठक समतल होती. मग ते सात अंश वर कशामुळे?

आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरते. पूर्वेला उगवणारा तारा वर चढतो, दक्षिणेचा तारा उजवीकडे सरकतो, पश्चिमेचा खाली उतरतो. यंत्राला वाटत असेल की आत्ता आहे त्यापेक्षा उशीर झाला आहे, तर ते पूर्वेचे तारे अधिक वर शोधेल आणि दक्षिणेचे तारे अधिक उजवीकडे. नेमके तसेच घडले होते! व्याध दक्षिणेला, म्हणून नळी उजवीकडे. मघा पूर्वेला, म्हणून नळी वर. आणि मघेच्या डावीकडे झालेली चूक? ती मी स्वतः पायथा बारा अंश फिरवून निर्माण केलेली होती. एक चूक झाकायला गेलो आणि दुसरी ओढवून घेतली.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. चूक सुमारे सात ते साडेसात अंशांची, म्हणजे अर्ध्या तासाची. अर्धा तास! हँडसेटची पाने मागे उलटून पाहिली. आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. यादीत पाच आणि साडेपाच शेजारी-शेजारी होते आणि माझे बोट एक पायरी अलीकडे थांबले होते. मनगटावरच्या घड्याळाची वेळ मी अचूक घातली होती. पण ती कोणत्या रेखांशाची वेळ आहे हे सांगताना अर्धा तास गाळला. जगातल्या पुष्कळ देशांच्या वेळा ग्रीनिचपासून पूर्ण तासांनी पुढे-मागे आहेत, म्हणून ही चूक त्यांना सहसा होत नाही. आपल्याकडे मात्र ती होते, आणि चुकीचे माप साडेसात अंश निघाले की तिचे नाव लगेच सांगता येते.

गंमत अशी, की मी मघा पहिल्याच खेपेस बरोबर ओळखली असती, तर अर्ध्या तासाची ही चूक असूनही जुळणी बिनबोभाट झाली असती. कारण दोन ताऱ्यांमधले अंतर वेळेवर अवलंबून नाही, हे आपण पाहिलेच. वेळेच्या चुकीने केले ते इतकेच, की नळी भलत्या ताऱ्याच्या शेजारी नेऊन उभी केली. अर्थात चंद्राच्या बाबतीत ती पुढेही थोडी नडली असती. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश पूर्वेकडे सरकतो, तेव्हा अर्ध्या तासाला पाव अंश. ग्रहांना तेवढ्या वेळात काही फरक पडत नाही.

या गोष्टी मुलांना सांगत असताना एका मुलाने चांगला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, प्रमाणवेळ मिर्झापूरकडची. आपल्या गावची खरी वेळ वेगळी असते ना? मग ती घालायची का?" प्रश्न बरोबर आहे. १९०६ पासून आपली प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाची आहे. चंद्रपूर ७९.३ अंशांवर आहे, म्हणजे ३.२ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटे, म्हणून चंद्रपूरची स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे तेरा मिनिटे मागे असते. पण ही वजाबाकी यंत्र रेखांशावरून स्वतःच करते. आपणही केली तर ती दोनदा होईल आणि नळी तीन अंश पूर्वेला चुकेल.

असे प्रत्येक चुकीचे स्वतःचे माप असते. अमेरिका-युरोपात उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात. त्या 'उन्हाळी वेळे'ची सोय हँडसेटमध्ये असते आणि ती चुकून चालू राहिली तर नळी १५ अंश पूर्वेला जाते. यादीत आपले गाव नाही म्हणून कोणी मुंबई निवडली तर रेखांशाचा फरक ६.४ अंश, नळी तितकीच पूर्वेला. नागपूर निवडले तर मात्र रेखांश जवळजवळ तोच आणि अक्षांशात सव्वा अंशाचा फरक. नळी ताऱ्याच्या आसपासच राहील. रेखांशापुढे 'पूर्व'ऐवजी 'पश्चिम' राहिले किंवा सकाळ-संध्याकाळची उलटापालट झाली, तर यंत्र डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गुरूला 'क्षितिजाखाली आहे' म्हणते. अशा वेळी ग्रह खरा मानावा, पाटी नव्हे!

उलट, काही चुकांना विनाकारण दोष दिला जातो. चंद्रपूरचा रेखांश ७९.३० अंश म्हणजे ७९ अंश १८ कला. कोणी तो ७९ अंश ३० कला असा घातला, तरी चूक १२ कलांची. चंद्राचे बिंब सुमारे ३० कलांचे असते. आमच्या दुर्बिणीच्या साध्या नेत्रिकेतून एका वेळी सव्वा अंश, म्हणजे ७५ कला आकाश दिसते. तेव्हा १२ कलांमागे धावण्यात अर्थ नाही. घड्याळ एक मिनिट चुकले तर पाव अंश, तेही चालून जाते.

तारखेचे प्रकरण अधिक फसवे आहे. अनेक हँडसेटमध्ये आधी महिना आणि मग दिवस घालायचा असतो. ५ मार्च आपण आपल्या सवयीने ०५-०३ असा घातला, तर यंत्र तो ३ मे समजते. मधले दिवस ५९. तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात, म्हणजे रोज जवळजवळ एक अंश; नळी ५८ अंश पश्चिमेला! महिन्याच्या तेराव्या दिवसापासून पुढे यंत्र अशी तारीख घेतच नाही, म्हणून धोका पहिल्या बारा दिवसांचा. त्या रात्री तारीख मी बरोबर घातली होती, हे माझ्या बाजूने सांगितले पाहिजे.

चुकीची दिशाही बोलकी असते. नळी दक्षिणेच्या ताऱ्यांच्या खाली आणि उत्तरेच्या ताऱ्यांच्या वर जात असेल, तर बैठक दक्षिणेकडे कलली आहे. आकाशात कोठेही जा, चूक तितकीच आणि त्याच बाजूला येत असेल, तर शोधक दुर्बीण मुख्य नळीला समांतर नाही. हे काम दिवसाच करावे : लांबचा विजेचा खांब किंवा मोबाइलचा मनोरा मुख्य दुर्बिणीत मध्यावर आणावा आणि शोधकाचे स्क्रू फिरवून त्यातही तो मध्यावर घ्यावा. मात्र सूर्याच्या बाजूला दुर्बीण कधीही वळवू नये. आणि सुरुवातीला सगळे ठीक असून चूक तासागणिक वाढत जात असेल, तर जमिनीकडे पाहा. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर तिपाईचे पाय हळूहळू खचतात; मूल-सिंदेवाहीच्या धानपट्ट्यातही हाच अनुभव येतो. प्रत्येक पायाखाली एकेक वीट किंवा फरशीचा तुकडा ठेवला की काम भागते. दगड नको, तो डुगडुगतो.

एक चूक मात्र मोजून सापडत नाही, कारण ती कधी असते, कधी नसते. सायकलचे पॅडल मागे फिरवून पुन्हा पुढे दाबले, तर साखळी पकड घेईपर्यंत थोडे पोकळ जाते ना? मोटर आणि अक्ष यांच्यामधल्या दंतचक्रांतही अशी पोकळी असते. कळ उलटी दाबली की मोटर फिरते, मोजणी होते, पण नळी क्षणभर जागची हलत नाही. म्हणून तारा मध्यावर आणताना शेवटची हालचाल नेहमी एकाच बाजूने करावी. पुष्कळ यंत्रे स्वतः 'वर' आणि 'उजवीकडे' अशी थांबतात, आपणही तसेच थांबावे. तारा पुढे निघून गेला तर उलटी कळ दाबून तो परत आणू नये. चांगले लांब मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने यावे. कंटाळवाणे वाटते खरे, पण या एका सवयीने अर्धे रडगाणे थांबते.

जुळणीसाठी तारे निवडतानाही आपल्या अक्षांशाचा विचार करावा लागतो. चंद्रपूरचा अक्षांश २० अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. जंगलात तो बहुधा सागाच्या झाडांमागेच असतो. डोक्यावरचा ताराही नको, कारण तिथे नळीच्या किंचित हालचालीला पायथा गरगर फिरतो. मार्चच्या संध्याकाळी पुनर्वसूचे जुळे तारे असे डोक्याशी येतात आणि त्यांत दुसराही दोष आहे : दोघे एकमेकांपासून साडेचार अंशांवर, जवळजवळ सारखेच तेजस्वी. याच्याऐवजी तो घेतला की फसलेच. दोन तारे आकाशाच्या वेगवेगळ्या भागांतले, पाच-सहा मुठींच्या अंतराने आणि शेजारी भाऊबंद नसलेले घ्यावेत. हँडसेटवर नावे पाश्चात्त्य असतात, तेव्हा चार-सहा नावे पाठच करावीत : सिरिअस म्हणजे व्याध, रेग्युलस म्हणजे मघा, आर्क्टुरस म्हणजे स्वाती, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय, व्हेगा म्हणजे अभिजित, अल्टेअर म्हणजे श्रवण.

तारे ओळखण्याची विद्या आपल्या भागात नवी नाही, हेही इथे सांगायला हवे. मयंक वाहिया (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि गणेश हलकारे यांनी गोंड समाजाच्या आकाशज्ञानाचा गावोगाव फिरून अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सप्तर्षींच्या चौकोनाला गोंड लोक बाज मानतात आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना ती चोरायला आलेले तीन चोर. त्या रात्री ईशान्येला बाज झाडांच्या वर आली होती आणि चोर अजून झाडीत दडलेले होते. मुलांनी ती मला दाखवली, मी त्यांना नव्हे.

आता तुम्ही विचाराल, की हल्ली कॅमेऱ्याने आपोआप जुळणी करणारी यंत्रेही निघाली आहेत, मग हा खटाटोप कशाला? ती यंत्रे खरोखर हुशार आहेत. छोटा कॅमेरा आकाशाच्या दोन-तीन भागांचे फोटो घेतो, त्यांतल्या ताऱ्यांच्या त्रिकोण-चौकोनांचे आकार मोजतो आणि स्मृतीतल्या नकाशाशी ताडून आपण कोठे पाहत आहोत ते ओळखतो. विळ्याची मूठ आणि पाते यांत त्याची गफलत होणार नाही. पण फोटोत पुरेसे तारे तर यायला हवेत. उजेड पुरता मावळण्याआधी घाई केली, नळी झाडाकडे वळली, भिंगावर दव साचले किंवा टोपणच काढायचे राहिले (हसू नका, माझ्या देखत घडले आहे), की यंत्र हात टेकते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्या धुराने क्षितिजाजवळचे मंद तारे पुसले जातात. अशा वेळी बैठक धुराच्या विरुद्ध बाजूला न्यावी आणि उंचावरचे आकाश मोकळे ठेवावे. आणखी एक : कॅमेऱ्याचा मध्य आणि दुर्बिणीचा मध्य एक नसतो. एका ताऱ्यावर दोन्ही जुळवून तो फरक यंत्राला एकदा सांगावा लागतो. ते केले नाही तर 'जुळणी यशस्वी' असे लिहून येते आणि तारा मात्र दर वेळी तितकाच एका बाजूला राहतो.

वीज हाही एक छुपा शत्रू. दोन्ही मोटरी एकदम वेगाने फिरू लागल्या की मंदावलेल्या बॅटरीचा दाब आणखी उतरतो, संगणक क्षणभर बेशुद्ध होतो आणि केलेली जुळणी विसरतो. नळी वेगाने वळत असतानाच पाटी विझत असेल, तर ताऱ्यांचा काही दोष नाही, बॅटरी बदला.

आणि वेळच कमी असेल, तर यंत्राचा नाद सोडावा. गुरूसारखा ठळक ग्रह हाताने कळा दाबून दोन मिनिटांत सापडतो. मात्र जुळणी नसेल तर दुर्बीण त्याच्यामागे आपोआप जात नाही. सव्वा अंशाच्या दृष्टिक्षेत्रातून ग्रह सुमारे पाच मिनिटांत निघून जातो, म्हणून दर तीन-चार मुलांमागे तो पुन्हा मध्यावर आणत राहावे लागते. त्या रात्री मी हे साडेसातलाच केले असते, तर सगळ्यांचे पाहून झाले असते. सव्वाआठला गुरू दिसू लागला आणि पंधरा मिनिटांत निम्म्याहून थोड्या अधिक मुलांनी त्याचे चार चंद्र पाहिले. बाकीची पाड्यावर परतली.

त्यांच्यासाठी आम्ही डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा गेलो. या वेळी साडेपाच तास दोनदा तपासले. तारे दाखवण्याचे काम विळ्यावाल्या मुलीकडे दिले. तिने श्रवण आणि ब्रह्महृदय घेतले, पहिल्याच खेपेस जुळणी झाली आणि तिने शनीची कळ दाबली. रांगेतल्या पहिल्या मुलाने डोळा लावला आणि तो म्हणाला, "सर, पुन्हा चुकलं. कडी कुठं आहेत?"

तिने नळी लांब नेली, पुन्हा शनीची कळ दाबली. तोच पिवळसर ठिपका मध्यावर आला. तारा असता तर बिंदूच राहिला असता. याला लहानसे वाटोळे बिंब होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी बारीक रेघ. यंत्राचे बरोबर होते. शनीची कडी २०२५ मध्ये पृथ्वीकडे कडेवर आली होती, आणि ताटली कडेने पाहिली की रेघच दिसते.